लाइन व्यस्त आहे

विशाखा : नाना, ती वायर खाली ठेवा.

वसंतराव : मी फक्त बघत होतो.

विशाखा : बघायला हातात घ्यावी लागते का? फोन मुद्दाम काढून ठेवलाय. तो उचलला की नेट तुटतं, आणि नेट तुटलं की तुम्हीच म्हणता, ‘विशू, तुझ्या यंत्राला ठसका लागला.’

वसंतराव : पण घरातला फोन असा मुका करून ठेवणं बरं नव्हे. किती वेळ लागेल?

विशाखा : अर्धा तास.

वसंतराव : आत्ता दहा पस्तीस झालेत.

विशाखा : मग अकरा-पाचला बोलका होईल. कुणाचा फोन अडलाय तुमचा? रविवारी सकाळी तर तुमचे दोस्त वीरण्णासुद्धा फोन करत नाहीत, आणि त्यांना दुसरं कामच नाही.

वसंतराव : कुणाचा नाही. टेलिफोन एक्सचेंजमध्ये छत्तीस वर्षं काढलेल्या माणसाला मुका फोन बघवत नाही, एवढंच.

विशाखा : रिटायर होऊन चार वर्षं झाली. आता तरी कानावरचा हेडफोन उतरवा.

वसंतराव : बरं, मला नीट समजावून सांग. हा जुना मोडेमचा डबा चालतो आहे. मग हा दोन शिंगांचा नवा प्राणी कशाला?

विशाखा : जुना चालतो, पण या स्टुलापाशीच. माझ्या मागच्या खोलीपर्यंत पोचत नाही. शिवाय सगळा भार त्याच्याच डोक्यावर. बाहेरची लाइन त्यानंच घ्यायची, नाव आणि पासवर्ड सांगून एक्सचेंजकडून नेट त्यानंच मागायचं, घरात वाटायचंही त्यानंच. दुपारी तापतो अन् बसतो मुकाट. आता त्यानं काही मागायचं नाही, काही वाटायचं नाही. बाहेरून येईल ते जसंच्या तसं पुढं सोडायचं. याला ब्रिज मोड म्हणतात. बाकीचं सगळं हा नवा राउटर बघेल.

वसंतराव : म्हणजे ट्रंक ऑपरेटरची नोकरी. जोडून द्यायचं आणि आपण लाइनीतून बाहेर पडायचं.

विशाखा : हाव. शंभरपैकी शंभर. माझ्या क्लासच्या पोरांना एवढं कळायला तीन तास लागले असते.

वसंतराव : जोडून दिल्यावर ऐकत थांबायचं नाही, हा आमचा पहिला नियम.

विशाखा : आणि तुम्ही कधीच थांबला नाहीत?

वसंतराव : क्वचित. एकदा उदगीरची एक आजी मुंबईच्या नातीला शेंगदाण्याची चटणी सांगत होती. कॉलची तीन मिनिटं संपली, तरी मी लाइन तोडली नाही. लसूण सांगायचा राहिला होता.

विशाखा : नियमाला लसणाची फोडणी!

वसंतराव : पण विशू, हे सगळं आजच करायला हवं होतं का?

विशाखा : उद्या सही करायची आहे ना. क्लासचे पेपर घरून तपासायचं काम, दोन वर्षांचा करार. भोकर, इस्लापूर, कुठकुठली पोरं नेटवरून उत्तरं पाठवणार आणि मी मागच्या खोलीत बसून लाल रेघा ओढणार.

वसंतराव : दोन वर्षं.

विशाखा : मग काय करू? नांदेडकरांना आपण काही पसंत नाही. आज तीन आठवडे झाले. जाताना काय म्हणाले होते मिहिरराव? ‘मध्यस्थाकरवी निरोप नको, मी स्वतः फोन करीन.’ कॉलेजात भूगोल शिकवणारा माणूस. नांदेडहून लातूर सापडेना त्याला.

वसंतराव : तू वाट पाहत होतीस?

विशाखा : छे. मी राउटरची वाट पाहत होते.

वसंतराव : तसं नव्हे.

विशाखा : आजवर चार जण बघून गेले, नाना. चौघांनी तुमची पेन्शन विचारली. ह्यानं भिंतीवरची भूकंपाची भेग विचारली. बोटानं मोजली, आणि मला हळूच म्हणाला, ‘ही बुजवू नका, हिला तारीख आहे.’ मला वाटलं होतं, हा करील फोन. बायोडाटावर हाच नंबर आहे. माझा मोबाइल नंबर द्यायचा राहिला, लाजले मी. जाऊ द्या. डायरी काढा तुमची. मोडेमला ब्रिजवर टाकलंय, सेव्हही केलंय. लाइनमन शिवलिंगनं लिहून दिलेला पासवर्ड सांगा.

वसंतराव : लिही. व्ही फॉर विजापूर. एल फॉर लखनौ. आर फॉर रायचूर. एन फॉर... नागपूर. मग सात, नऊ, तीन.

विशाखा : एन फॉर काय?

वसंतराव : नागपूर.

विशाखा : माझी इंग्रजी मुळाक्षरं तुमच्या ट्रंक लाइनवर झालीत. शाळेत बाईंनी एन विचारलं, तर मी नांदेड म्हणाले आणि हातावर पट्टी खाल्ली. जन्मभर तुमचं एन फॉर नांदेड होतं.

वसंतराव : नागपूर मोठं शहर आहे.

विशाखा : कालपर्यंत लहान होतं?

वसंतराव : तू अक्षरं दाब. दहा सत्तेचाळीस झाले.

विशाखा : पुन्हा घड्याळ! तुम्ही परीक्षेचे पर्यवेक्षक आहात की काय? ...अरेच्चा. नाकारलं. पुन्हा नाकारलं. पासवर्ड बरोबर वाचलात ना?

वसंतराव : मी सांगितलेला अंक चुकत नाही. त्या जुन्या डब्यावरचा शेवटचा दिवा बघ, इंटरनेटचा. पेटलाय?

विशाखा : हिरवागार.

वसंतराव : मग त्यानं अजून जागा सोडलेली नाही. तोही त्याच नावानं मागतो आहे आणि हाही. एका नावाला एक्सचेंज एकच लाइन देणार. त्याला बंद करून पुन्हा सुरू केलंस का?

विशाखा : अय्या! ते राहिलंच. नाना, तुम्हाला उद्यापासून क्लासला नेते. मी फळा पुसेन, तुम्ही शिकवा.

वसंतराव : जुन्या यंत्राला नुसतं सांगून भागत नाही, बाई. उठवावं लागतं.

विशाखा : केलं बंद. आता दोन मिनिटं थांबू. पण तुम्ही एवढे घामाघूम का झालात? पंखा तर चालू आहे.

वसंतराव : विशू, एन फॉर नांदेडच.

विशाखा : ते मला ठाऊक आहे.

वसंतराव : त्याचा फोन आला होता.

विशाखा : कुणाचा?

वसंतराव : तीनदा. पहिला चार तारखेला, बुधवारी, संध्याकाळी सात दहाला. ‘मी मिहिर बोलतोय. विशाखा आहेत का?’ मी म्हणालो, क्लासला गेली आहे.

विशाखा : बुधवारी मला सुटी असते.

वसंतराव : तू मागच्या खोलीत होतीस. दुसरा अकरा तारखेला. मी म्हणालो, झोपली आहे.

विशाखा : किती वाजता?

वसंतराव : सव्वासात.

विशाखा : सव्वासातला झोपायला मी काय कोंबडी आहे?

वसंतराव : त्यालाही तसंच वाटलं असावं. मग म्हणाला, ‘त्यांची इच्छा नसेल तर तसं सांगा, मी पुन्हा त्रास देणार नाही.’

विशाखा : आणि तुम्ही?

वसंतराव : म्हणालो, निरोप देतो. तिसरा परवा आला. परवा सकाळीच तू हा राउटर घेऊन आली होतीस. म्हणालीस, ‘आता दोन वर्षं कुठं जायचं नाही, नेट तरी धड असू द्या.’ मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. म्हणून मी त्याला सांगितलं, रविवारी अकराला करा, ती घरीच असते. आणि आज तू फोनच काढून ठेवलास.

विशाखा : ‘लाइन व्यस्त आहे.’

वसंतराव : काय?

विशाखा : तुमचंच वाक्य. भूकंपाच्या दिवशी सोलापूरहून कुणी अण्णारावांनी अकरा वेळा किल्लारी मागितली. तिकडं काही उरलं नाही, हे तुमच्यानं सांगवेना. अकराही वेळा तुम्ही म्हणालात, लाइन व्यस्त आहे. दहा वर्षांची होते मी. शाळेत सगळ्यांना सांगत सुटले होते, माझे नाना किती मायाळू.

वसंतराव : ती गोष्ट मी तुला अर्धीच सांगितली. दोन वर्षांनी अण्णाराव एक्सचेंजला आले होते. त्या दिवशी पाळीवर कोण होतं, म्हणून विचारत. रागावले नाहीत. म्हणाले, ‘साहेब, लाइन व्यस्त म्हणजे तिकडं कुणीतरी बोलतंय, असं धरून मी अंधार पडेस्तोवर सोलापुरात बसून राहिलो. सकाळीच निघालो असतो तर भावाचं तोंड दिसलं असतं.’ पेलाभर पाणी प्याले आणि गेले.

विशाखा : हे मला कधी सांगितलं नाहीत.

वसंतराव : तू मला मायाळू म्हणायचीस. ते गमवायचं नव्हतं. तेव्हाच ठरवलं होतं, पुन्हा कुणाच्या लाइनीत उभं राहायचं नाही. पंधरा वर्षं पाळलं.

विशाखा : आणि माझ्यापाशी येऊन मोडलं.

वसंतराव : दिवसाला शेकडो आवाज कानावरून जायचे, विशू. मग तुझी आई गेली, नोकरी संपली. आता एकच आवाज उरलाय. तो दुसऱ्या गावाला जोडून द्यायचा, तर हात उचलेना.

विशाखा : तीन आठवडे मी समजून होते, नाना, की माझ्यातच काही उणं आहे.

वसंतराव : जेवताना दिसत होतं मला.

विशाखा : दिसत होतं, अन् तरी भाकरी मोडत राहिलात.

वसंतराव : हो.

विशाखा : हे मी लवकर विसरणार नाही. सांगून ठेवते.

वसंतराव : विसरू नकोस.

विशाखा : किती वाजले?

वसंतराव : दहा छपन्न.

विशाखा : मग बघत काय बसलात? त्या पिशवीतली पांढरी डबी द्या. नवा स्प्लिटर. ही बसली की फोन आणि नेट एकमेकांच्या आड येत नाहीत. आणि डोळे पुसा आधी, नाहीतर चुकीच्या भोकात वायर घालाल. भिंतीची लाइन इकडं. मोडेम इकडं, हा केला पुन्हा सुरू. फोन इकडं. उचला रिसीव्हर. टोन आहे?

वसंतराव : आहे. स्वच्छ आहे. ती खरखरही गेली.

विशाखा : मग ठेवा की! धरून काय ठेवलाय?

वसंतराव : ठेवला. जुन्याचा शेवटचा दिवा आता विझलेला आहे.

विशाखा : विझलेलाच राहणार. नव्याचा बघा. पेटला! लागलं नेट.

वसंतराव : म्हणजे जुन्यानं सोडलं एकदाचं.

विशाखा : उठवल्यावर.

वसंतराव : अकरा वाजून चार मिनिटं झाली.

विशाखा : भूगोलवाले आहेत. सूर्य बघून वेळ ठरवत असतील.

वसंतराव : आणि नाहीच आला तर?

विशाखा : त्यांचा नंबर आहे ना डायरीत? मग मी करीन. नांदेड काही समुद्रापार नाही. आणि उद्याची सही करायची की नाही, तेही माझं मी ठरवीन. तुम्ही दोघांनी मध्ये पडायचं नाही.

वसंतराव : दोघं कोण?

विशाखा : तुम्ही आणि तो जुना डबा.

(फोन वाजतो.)

वसंतराव : घे, विशू.

विशाखा : मी नाही. दोनदा तुम्ही तोडलात, आता एकदा जोडून द्या.

वसंतराव : हॅलो... हो, लातूर. वसंतराव बोलतोय. नाही, झोपलेली नाही. क्लासलाही गेलेली नाही. मिहिरराव, तेव्हाही ती घरातच होती. मी खोटं बोललो होतो. तिला यातलं काही ठाऊक नव्हतं, आज सांगितलं. माझ्या वागण्याचा तिला बोल लावू नका... हो. एक मिनिट धरा.

विशाखा : एका दमात एवढं सगळं सांगायची काय गरज होती?

वसंतराव : लाइन साफ करून द्यावी लागते. घे. मी ओसरीवर जातो.

विशाखा : थांबा. असं नाही. नीट म्हणा, तुमच्या पद्धतीनं.

वसंतराव : लातूर, बोला. नांदेड लाइनवर आहे.