खड्ड्यात बसलेली लांडगीण

सरकारी कागदावर ‘ओसाड माळ’ वाचलं की माझं डोकं फिरतं, तुम्हाला माहीतच आहे. शिरूरकडच्या अशाच एका माळावर वनखात्याच्या एका साहेबांनी झाडं लावायला मशीननं मोठे खड्डे खणले. गवताच्या माळावर दाट झाडी झाली, तर लांडग्यांनी जायचं कुठं?

“इथं लांडगेच नाहीत,” साहेब ग्रामसभेत म्हणाले.

मेंढपाळ ठकाजी आबा उठले. “मग माझी दोन कोकरं तुम्ही नेली व्हय?”

सभा हसली, पण साहेब हटेनात. “पुरावा दाखवा.”

तेव्हा वैशाली पुढे आली. ती रांजणगावला कंपनीत कामाला आहे. सुट्टीला मैत्रिणींबरोबर कॅमेरा घेऊन माळावर फिरते आणि दिसेल त्या जनावराची नोंद ठेवते. तिनं फोटो दाखवला, लांडगीण आणि तीन पिल्लं.

“हा फोटो कुठलाही असेल.”

“साहेब, ती बसलीय कशात, ते बघा की!”

लांडगीण साहेबांच्याच खड्ड्यात सावलीला बसली होती. शेजारी त्यांच्याच खात्याची नंबर घातलेली खुंटी.

मी बातमीची वही उघडली. “काय छापू साहेब? लांडगे आहेत म्हणून, की तुमचा खड्डाच तिथं नाही म्हणून?”

साहेबांनी फोटो वैशालीला परत दिला. “उद्यापासून खड्डे बुजवतो, असं छापा.”

“उद्या नगं,” ठकाजी आबा म्हणाले. “पिल्लं जरा मोठी होऊ द्या.”