अप्पांचा डावा कान

...नाक धरायचं, तोंड मिटायचं आणि हळूच फुंकायचं. एवढंच, म्हणे. छप्पन्न वर्षं या कानांनी माझं काही वाकडं केलं नव्हतं हो, आणि आता माझीच पोरगी, श्रीरंजनी, मला शिकवते कान कसे उघडायचे. शोळिंगनल्लूरच्या कंपनीतली चांगली एसीतली नोकरी सोडली हिनं, कशासाठी, तर लोकांना समुद्रात बुड्या मारायला शिकवायचं म्हणून. आठ महिने बोललो नाही मी तिच्याशी. शेवटी बायकोनं, विद्यालक्ष्मीनं, तह काय घडवून आणला? तर मी एकदा लेकीबरोबर पाण्याखाली जायचं. म्हणजे भांडण दोघांचं आणि बुडायचं मी एकट्यानं.

तुम्हाला सांगतो, खाली पाणी कानावर दाबतं, म्हणून आतून हवा सोडून दाब सारखा करायचा, आणि तोही दुखायच्या आधी. ‘अप्पा, रोज सराव करा,’ म्हणाली. केला. नाक धरलं, तोंड मिटलं, फुंकलं... ट्रेनमध्ये फुंकलं, तर शेजारचा माणूस स्वतःचाच शर्ट हुंगून दुसरीकडे जाऊन बसला. पेरुंगुडीला आमच्या बँकेत काउंटरवर फुंकलं, तर समोरची बाई पासबुक उचलून शेजारच्या रांगेत. घरी पानावर बसून फुंकलं, तर विद्यालक्ष्मी म्हणते, ‘माझ्या रसमला नाक धरता?’ दोन दिवस नुसता दहीभात. आणि कान? उजवा बिचारा टक् करायचा. डावा म्हणजे आमचा मॅनेजर, कितीही विनवा, ढिम्म.

तरी रविवारी सकाळी श्रीरंजनीनं नेलंच होडीतून. पाठीवर ते सिलिंडरचं ओझं, तोंडात नळी, दोरी धरून खाली. नाक धरलं, फुंकलं. उजवा टक्. डाव्यात कुणी तापलेली सुई घालावी तसं झालं. ती समोर तरंगत बोटांनी विचारते, ठीक? आता तुम्हीच सांगा, जिच्या कामाला आठ महिने नावं ठेवली, तिला काय सांगू, मला जमत नाही म्हणून? मी अंगठ्याला बोट जुळवून गोल केला. ठीक. आणखी खाली. ठीक? ठीक. मग तिनं माझ्या मास्कमध्ये वाकून बघितलं. आत पाणी होतं, पण ते समुद्राचं नव्हतं. दंड धरला आणि सावकाश वर घेऊन आली, मला हात सोडवून घेऊ दिला नाही.

होडीत बसल्यावर चिडली असती तर बरं झालं असतं. शांतपणे म्हणाली, ‘अप्पा, दुखत असताना ठीक आहे म्हणायचं, हे कुठं शिकलात?’

काय सांगणार? तीस वर्षं बँकेतून घरी येऊन रोज हेच तर सांगत आलो. पोरगी दारात उभी राहून विचारायची, मी म्हणायचो, ठीक. ऐकत होती ती, सगळं ऐकत होती. मी चपला शोधू लागलो. होडीत. अनवाणी आलेला माणूस.

कानाचे डॉक्टर म्हणाले, पडदा सुजलाय, तीन आठवडे पाणी बंद. काय आनंद झाला म्हणून सांगू... आठ महिन्यांत पहिल्यांदा आपणहून लेकीला फोन लावला, आवाज पाडून म्हटलं, ‘काय करणार बाळा, नशिबातच नाही.’

‘असू दे अप्पा, चौथ्या रविवारी जाऊ. अम्माचंही नाव घातलंय.’

आता घरात मी आणि विद्यालक्ष्मी समोरासमोर नाक धरून बसतो. तिचे दोन्ही कान पहिल्याच फुंकरीत उघडले. मला शिकवते.