झोळीवाल्यापायी

‘—त्या झोळीवाल्यापायी घर सोडायला निघाल्यात म्हणे सिस्टर, आणि या वयात—’ एवढंच कानावर आलं बघा माझ्या, आणि नेमकी त्याच वेळी खाली पाण्याची मोटर सुरू झाली. पुढचं सगळं घरघरीत गेलं. तळमजल्यावरची आणि तिची जाऊ बोलत होत्या, मी वरच्या वळणावर पायपुसणं झटकत होते— मुद्दाम नाही हो, पायपुसण्यावर धूळ बसली तर झटकायचं नाही का? वाकून बघितलं तर दोघी आत पसार. आता तुम्ही म्हणाल, भाऊ, ही बाई कोण कुठली, बाकावर येऊन बसली काय आणि मला हे कशाला सांगतेय. तुमच्या खांद्याला झोळी आहे, म्हणून सांगतेय.

नाही, नाही, उठू नका. भांडायला नाही आले मी. मी कपडे दुरुस्त करते, उसवलेलं शिवणं हे माझं काम. माझ्या शेजारी एक सिस्टर राहतात— इस्पितळात होत्या, आता निवृत्त— उंच, चष्मा, आखूड केस. ओळखता ना? मान हलवलीत म्हणजे ओळखता. वाटलंच मला. तर आमची भिंत एक. त्यांच्याकडे भांडं पडलं की मी इकडून विचारते, ‘काय सांडलं?’— इतकं आमचं आहे. त्या खोकल्या की माझी गरम पाण्याची पिशवी त्यांच्या दारात. त्यांचं पार्सल आलं की मीच घेते, आणि खोक्याचा कोपरा फाटलेला असला तर आत काय फुटलंबिटलं ते बघायला नको? तशीच ती दुर्बीण कळली मला. त्यांनी सांगायच्या आधी. म्हणजे— सांगितलंच नाही त्यांनी, ती गोष्ट वेगळी.

तेव्हापासून आमचा दुपारचा चहा बंद. आधी माझं मशीन थांबलं की त्यांना ऐकू जायचं, कप घेऊन यायच्या. आता दुपारी झोपतात, कारण पहाटेच बाहेर. कुठे निघालात विचारलं की ‘जरा जाऊन येते’. जरा! ऊन तापल्यावर परत, चपला चिखलानं भरलेल्या, आणि तोंडावर असं हसू की कोणीतरी कानात गंमत सांगून गेलंय. मी दारातच होते, माझं दार उघडंच असतं. म्हटलं, सिस्टर, आज अगदी खुशीत? तर ते हसू गेलं कुठल्या कुठे, कुलूप उघडलं आणि आत. आणि त्यावर जिन्यातलं हे! झोळीवाला! माझ्या हातून एका कोटाच्या दोन्ही बाह्या उलट्या लागल्या हो. म्हटलं, एकदा बघावं तरी कोण आहे हा, ज्याच्यासाठी एवढी धावपळ चाललीय, म्हणून त्या चिखलाचा माग काढत या तळ्यावर आले. राग मानू नका, पण मला वाटलं होतं कोणीतरी रुबाबदार असेल.

हसताय कशाला? कुठे— तिकडे, पाण्यात? ती पांढरी बदकं? बदकं नाहीत? द्या बघू ती दुर्बीण इकडे. कुठलं चाक फिरवायचं? हे? अगंबाई!

हा? हा झोळीवाला? पेलिकन म्हणतात तो? पक्षी! अहो, ती चोचीखालची थैली बघा— कुठे शिवण नाही, चूण नाही, आणि फुगतेय केवढी! असं कापड मिळालं असतं तर मी काय काय केलं असतं. आणि हे सगळे अर्धा गोल करून कुठे चाललेत? मासे हाकताहेत? थांबा, थांबा— सगळ्यांच्या माना एकदम खाली! कोणी सांगितलं त्यांना, आत्ता म्हणून? कोण कोणाला ढकलत नाही, ओरडत नाही. तो एक उठतोय बघा, पाण्यावर पाय आपटत धावतोय, हा कसला उडतोय एवढं अंग घेऊन— उडाला! उडाला हो! मघाचा तो धांदरट, आणि वर गेल्यावर काय तो डौल, पंख हलवायचीसुद्धा गरज नाही त्याला.

म्हणजे याच्यासाठी. माणूस असता तर बरं झालं असतं, भाऊ. माणसाला नावं तरी ठेवता येतात. मी पडदे बदलले, गडद निळे, चहाला यायच्या तेव्हाच— शेवटपर्यंत लक्ष गेलं नाही त्यांचं. आणि याची मान कशी वळते ते बघायला चिखलात उभं राहायचं! मला म्हणाल्या असत्या तर मी नसते आले? सतरंजी घेऊन आले असते, थर्मास घेऊन आले असते. बडबड केली असती, ते खरं. ‘ते बघा, ते बघा’ करून सगळे उडवून लावले असते. तरी एकदा म्हणायचं की.

जाऊ दे. पक्षी तर पक्षी. म्हणजे घर सोडण्याचीही थापच. त्या दोघी जावांना काम नाही दुसरं— काय? थाप नाही?

होड्यांच्या शेडवरची खोली तुमची? आणि ती सिस्टरांनी घेतली? पुढच्या महिन्यापासून. बरं. खिडकीतून हे दिसतात म्हणून घेतली असेल. म्हणून नाही? मग? सांगा की, आता अर्ध्यावर नका सोडू, आधीच त्या मोटरनं घात केलाय माझा.

कुठे चाललात, कधी आलात, हे कोणी विचारणार नाही अशी जागा हवी— असं म्हणाल्या? याच शब्दांत? रागानं म्हणाल्या? नाही... दमून. कोण विचारतं ते म्हणाल्या का? ‘शेजारी आहेत एक. मनानं चांगल्या आहेत.’ चांगल्या आहेत म्हणाल्या? हे आधी म्हणाल्या, की तुमचं तोंड बघून नंतर?

घ्या तुमची दुर्बीण. काही नाही, ती काच लागली डोळ्याला.

त्या बांधावरून कोण येतंय? सिस्टरच. चाल ओळखते मी त्यांची. नका, हाक नका मारू, बसा तुम्ही तसेच पाण्याकडे तोंड करून. मी या शेडच्या मागून निघते. मी आले होते हे बोलू नका. आणि इथे कोण बसलं होतं असं त्यांनी विचारलं, तर सांगा—

नाही, राहू द्या. त्या कधी कोणाला काही विचारत नाहीत.