उपप्रश्न

संसदेतल्या चहाच्या खिडकीपुढे रांग लागली होती. खलाशाची आई प्रेक्षक सज्जाचा पास मुठीत घेऊन उभी होती. तिच्या मुलाचं जहाज अकरा महिने परक्या बंदरात अडकवून ठेवलं होतं, आणि आज खासदारबाई त्यावर मंत्र्यांना विचारणार होत्या. तिच्या पुढे दोघं होते. एक बाईंचे प्रश्न लिहिणारा, दुसरा परराष्ट्रमंत्र्यांची उत्तरं लिहिणारा.

"जहाजाचं उत्तर झालं का रे?"

"झालं. 'पाठपुरावा सुरू आहे.'"

"गेल्या अधिवेशनात हेच होतं."

"तेव्हाही सुरू होता, आताही सुरू आहे. यात खोटं काय?"

"आणि बाईंचा पडक्या पुलाचा प्रश्न?"

"ते रस्ते खातं. तिथली उत्तरं माझा मेहुणा लिहितो. त्यानं माझंच उत्तर उचललंय."

"पूल इथला, खातं इथलं. पाठपुरावा कोणाकडे करताय, नदीकडे?"

"रांगेत उपप्रश्न नकोत."

"भाऊ, मी एक विचारू?"

"उपप्रश्न खासदार विचारतात, मावशी."

"मग यांना लिहून घेऊ दे. जहाजाचा पाठपुरावा करणाऱ्या माणसाचं नाव काय, आणि त्यानं तिकडे शेवटचा फोन कधी लावला?"

"झकास. हा बाईंना देतोच."

"नको रे, देऊ नकोस."

"का?"

"नाव माझंच निघेल."

"आणि फोन?"

उत्तरं लिहिणारा खिडकीतून चहा घेऊन मागे वळला.

"मावशी, तुमचं कोण आहे जहाजावर?"

"मुलगा. लावा फोन. तुमचा चहा मी धरते."