पॅलेशियल रेसिडेन्स, मुक्काम सेलू

हॅलो?… हॅलो, हो, सेलूच. किसनरावांचं अडत दुकान… मी जयवंता. कांताताई, तू? किसनरावांनी आवाज दिला, तशी धावत आली.

काऊन, काय झालं? पाहुणे निघाले ना?… दोनच्या बसनं. कोण कोण?… मुलगा, आई, मामा. बरं. मग तू अशी घाबरून काऊन बोलून राह्यली?

हो… माझा बायोडाटा. मीच टाइप केला, वर्ध्याच्या टायपिंग क्लासमध्ये… भाऊजींनी आज वाचला? पाठवून पंधरा दिवस झाले न् कार्बन कॉपी आज वाचली?… हसले? मग?

वाच. हळू… पॅलेशियल रेसिडेन्स. हो, राजवाड्यासारखं घर… लक्झुरियसली फर्निश्ड. दोन खाटा न् ती लोखंडी खुर्ची, माहीत आहे मले… अटॅच्ड बाथ?… तेही लिहिलं?… न्हाणी गोठ्याले लागून आहे, हो. हसू नको.

अवं ऐक ना. बाबांनी सांगितलं तेच लिहिलं मी. घर स्वतःचं, चौदा एकर वावर, दमणी दारात… प्रायव्हेट कन्व्हेयन्स, म्हणजे स्वतःचं वाहन, हेच ते. खोटं काय त्यात? बैल आपले, दमणी आपली.

काय?… मामा काय म्हणाले?… मोटार? कोणती मोटार?… स्टँडवर घ्यायले येईल म्हणे?

थांब. थांब जरा… कन्व्हेयन्सचा अर्थ मोटार लावला त्यायनं?

हो ना, असा अर्थ होतो हे नव्हतं माहीत मले. क्लासमध्ये सरांनी एका मोठ्या हॉटेलचं छापील पत्रक दिलतं, स्पीडसाठी. रोज वीस वेळा तेच. बोटांले पाठ झालं, आपोआप…

नाई, ताई. माहीत होतं. डिक्शनरीत एकेक शब्द पाह्यला होता मी. घर लिहिलं की आपलंच घर दिसे. रेसिडेन्स लिहिलं की… जाऊ दे.

वाढव, अजून तीन मिनिटं वाढव. सांग त्या ऑपरेटरबाईले.

…किसनरावांची ॲम्बेसेडर? ते समोरच बसले आहेत, ऐकून राह्यले. मान हलवून राह्यले, घेऊन जा म्हणतात… नाई. आजच्या दिवस मोटार, मग उद्या काय? लग्नाच्या दिवशी काय?

तुले समजून नाई राह्यलं. बाबांनी तो कागद साऱ्या आळीत दाखवला. इंग्रजी येत नाई त्यायले, ओळींवरून बोट फिरवतात न् म्हणतात, आमच्या जयवंतानं सारं खरं खरं लिहिलं. कालपासून भिंती पोतारून राह्यले. अजून हाताले पांढरी माती आहे. ओसरीवर बसून मामांनी विचारलं, राजवाडा कुठं आहे, मोटार कुठं आहे, तर ते काय सांगतील? साऱ्यांसमोर खोटे पडतील न् त्यायले कळणारही नाई, कशानं.

…नाई, त्यायले आत्ता नाई सांगत. आधी पाहुण्यांले सांगते.

ऐक. आपल्या गड्याले, तानबाले, दमणी जुंपायले लावते. स्टँडवर मी जाते घ्यायले… हो, दाखवायची मुलगी स्टँडवर जात नाई, मलेही माहीत आहे. आपली मामी काय म्हणंल, शेजारी काय म्हणतील, सारं माहीत आहे. पण कागद माझ्या हातचा आहे. तिथंच सांगते, मोटार म्हणजे ही दमणी, राजवाडा म्हणजे चार खोल्या. परत जायचं असंल तर पाचची नागपूर बस तिथूनच सुटते. बाबांच्या ओसरीवर कोणी हसायले नाई पाह्यजे.

…आले तर दमणीत बसतील. सतरंजी टाकते… रडू नको. तुह्यं काय चुकलं, तू तर नुसता लिफाफा पोचवला.

हो, ठेवते. साडेतीन झाले… ताई, एक राह्यलं. मुलगा काही बोलला होता? कागद वाचून?… हसला?… नाई हसला? मग काय… कोणाले विचारलं? काय विचारलं त्यानं?… हॅलो?… ताई, काय विचारलं?… हॅलो?… हॅलो?…

मिनिटं संपली, फोन लागणार नाई आता, किसनराव. राहू द्या… ती मोटारीची चावी खिशात ठेवा. तानबा कुठं दिसला का तुम्हाले?