मामा उतरले आन् दारं अडकली

आमची सोयरीक कशी जमली, ते आयका. माही जुनी मोटर खड्ड्यात गेली का मधातून वाके आन् दारं आपोआप उघडत. मंग मीच खालून चासीले, म्हंजे गाडीच्या सांगाड्याले, लोखंडी पट्ट्या बोल्टानं कसल्या. कसताना आमचे अगडबंब मामा मागच्या शिटावर पान चघळत बसून होते.

रातभर दारं उघडीच होती. दुसऱ्या दिवशी मामाले बसवून दारं लावली आन् पोरगी पाहाले मूल गावाले गेलो. रस्ताभर एक दार उघडलं नाई. मी खुश!

पोरीच्या घरापुढं मामा उतरले, दार दणकन ढकलून लावलं. मी उतराले गेलो, तं चारी दारं घट्ट!

मामा वरडले, "अबे, लाजून राह्यला काऊन? उतर ना!"

"मामा, दारच उघडत नाई!"

उंबऱ्यातून पोरगी हसत म्हणाली, "मामाजी, तुमी उतरले तशी गाडी वर उचलली. गाडीच्या पायरीवर उभे राहा बरं!"

मामा पायरीवर चढले. मोटर करकरली आन् दार उघडलं! पट्ट्या मामाच्या वजनावरच कसल्या होत्या ना!

मी आतूनच वरडलो, "मामा, पोरगी पसंत हाये!"

पोरगी म्हणाली, "आधी खाली तं उतरा!"