पाठीवरचा चौदा

शनिवारी मेलबर्नमध्ये ट्रामच्या थांब्यावर माझ्यापुढे दोन म्हाताऱ्या फूटीच्या, म्हणजे तिकडच्या फुटबॉलच्या, सामन्याला निघाल्या होत्या. त्यातल्या मर्लच्या कोटाच्या पाठीवर चौदा आकडा शिवलेला होता. तो त्यांच्या संघातल्या केलेहरचा. या आठवड्यात केलेहरला राखीव संघात टाकलं होतं.

"मर्ल, आता तरी उसव तो आकडा."

"का गं नोरीन? मेला का तो?"

"मेलेला बरा पळेल. परवा चेंडू मांडीवर येऊन पडला, तरी हा शोधतोय!"

"आणि तुझा तो नवा रिग्बी? सगळं मैदान पळतो, पण चेंडूची भेट नाही."

"पळतो तरी! मधल्या फळीत पाय लागतात, बाई."

"छातीपण लागते. चिखलात तिघांच्या खाली शिरून चेंडू कोण काढतं?"

"काढायचा. तेव्हा त्याला केस होते."

"खेळतोय तोवर मी आकडा उसवणार नाही. तुझ्या कोटाची बघ, आकडे बदलून बदलून चाळण झालीय."

"बरं, पाठ कर इकडे."

"कात्री काढलीस तर बघ हं!"

"कसली कात्री? पिन आहे. तुझा चार सुटून लोंबतोय. नुसता एक राहिला तर लोक तुला भलत्याच पोराची समजतील."

"टोचू नकोस... अगं, ट्राम आली."

"जाऊ दे. राखीव संघाच्या मैदानाची ट्राम समोरून सुटते."

"आणि तुझा रिग्बी?"

"तो पुढच्या शनिवारीही पळत असेल. तुझ्या केलेहरचं काय सांगावं? चल, रस्ता ओलांड."